कूलरच्या पंपावरची पीएचडी

१ एप्रिल २०२६

विद्यापीठाचं पत्र आलं. शेवटची मुदतवाढ, ३० जूनपर्यंत. त्यानंतर रजिस्ट्रेशन आपोआप रद्द. 'आपोआप' ठळक अक्षरात. तारीख बघून आधी वाटलं, लॅबमधल्या प्रीतमचा चावटपणा. पण शिक्का खरा आहे.

हरकत नाही. आठ वर्षं मी विषय मुरू दिला. लोक याला आळस म्हणतात. लोकांना काय कळतं? पीएचडी नाही म्हणून कॉलेजात मी अजून तासिका तत्त्वावर. माझ्याकडे शिकलेली पोरं आता स्टाफरूमच्या मोठ्या टेबलाशी बसतात आणि मला 'सर, थोडं सरकता का' म्हणतात. जुलैमध्ये कायम जागेची जाहिरात येणार आहे. तेव्हा बघू कोण सरकतं.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

२ एप्रिल

उठलो पावणेआठला. अलार्म वाजला असणारच, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत होता.

माधवी मॅडमना भेटलो. त्या माझ्या गाइड. वयाने माझ्यापेक्षा लहान. मी ते मनावर घेत नाही. त्यांनी विचारलं, प्रयोगाचं कुठवर आलं? म्हणालो, आराखडा डोक्यात पूर्ण आहे. त्या म्हणाल्या, आठ वर्षं डोक्यातच आहे, आता नळीत येऊ द्या.

प्रयोग म्हणजे अवघड काही नाही. शहराबाहेर कचऱ्याचे डोंगर असतात. त्यातून पाणी झिरपलं की सोबत कुठली विषारी रसायनं उतरतात, ते बघायचं. काचेच्या उभ्या नळीत कचरा भरायचा, खालून हळूहळू शुद्ध पाणी चढवायचं, वरून निघालेलं बाटलीत धरायचं आणि तपासायला नागपूरला पाठवायचं. बस्स. गीतांजलीला समजावलं तर म्हणाली, म्हणजे कचऱ्याचा चहाच ना. सायन्सची गोष्ट बायकोशी बोलू नये.

६ एप्रिल

पंप नाही. थेंबाथेंबाने पाणी सोडणारा खास पंप लागतो. त्याची मागणी ऑफिसात कधीची पडून आहे. क्लार्क म्हणाला, जुना अर्ज गहाळ झाला, नवा द्या. नवा दिला. म्हणाला, जुन्याचा संदर्भ टाका. डोकं फुटायची वेळ आली. या देशात संशोधन होत नाही, त्याचं कारण आज समोर पान खात बसलं होतं.

७ एप्रिल

युरेका!

गीतांजलीने माळ्यावरून कूलर काढायला लावला. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पंप लावून बघितला, हिरव्या पाइपातून पाणी झुळूझुळू वर चढलं. मी बघतच राहिलो. हाच की पंप! वऱ्हाडात घरोघरी आहे. कूलरच्या पंपाने पाणी कपाटावरच्या काचेच्या टाकीत चढवायचं, तिथून सलाईनच्या नळीने खाली नळीच्या तळाशी आणायचं. सलाईनचं चाक फिरवलं की थेंब पाहिजे तसा.

पंप आणि पाइप काढून बॅगेत टाकला. बाजारात नवा मिळतो, पण हा चाललेला, खात्रीचा. गीतांजली म्हणाली, अहो, अमरावतीचा उन्हाळा आहे, पीएचडी तुमची आन् घाम माझा. म्हणालो, दोन आठवड्यांत परत आणतो.

११ एप्रिल, अकोला

सॅम्पलसाठी अकोल्याला आलो. सासुरवाडी जठारपेठेत. सासऱ्यांचं, भगवंतमामाजींचं, भाजीपाल्याचं वावर नेमकं डम्पिंग ग्राउंडच्या पलीकडे, त्याच रस्त्याला. वांगी, पालक, काकडी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. त्यांची भाजी हर्राशीत, म्हणजे बाजारातल्या लिलावात, आली की अडते टोपली उघडूनही बघत नाहीत, नावावर उचलतात. दुपारी तिथलीच वांगी खाल्ली. अप्रतिम.

कचरा घ्यायला गेलो. मामाजी सोबत आले. नाकाला उपरणं लावून विचारलं, जवाईबापू, हे नेऊन काय करून राहिले तुमी? म्हणालो, पुढच्या पिढ्यांसाठी आहे. ते म्हणाले, बरं बावा, पुढच्या पिढीले लागतच असन.

कचरा प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा नाही, याची मी काटेकोर काळजी घेतली. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात, ती सुटून सॅम्पलमध्ये उतरतात. हे मी पहिल्याच प्रकरणात लिहिलं आहे. म्हणून सासूबाईंचा स्टीलचा लोणच्याचा डबा घेतला. त्या डब्याकडे बघत राहिल्या.

१२ एप्रिल

एसटीत कंडक्टरशी वाद. म्हणे, डब्यात मेलेलं काय आहे? म्हणालो, सायंटिफिक सॅम्पल. त्याने मागच्या सीटवर बसवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या पुढच्या तिन्ही रांगा रिकाम्या झाल्या. संशोधक नेहमीच एकटा असतो.

२० एप्रिल

पाइप निसटला. लॅबभर पाणी. प्रीतम पुसायला धावला. हा प्रीतम माझ्या नंतर रजिस्टर झाला आणि जूनमध्ये सबमिट करतोय. गुणी आहे, पण खोली नाही.

२७ एप्रिल

जमलं! पाणी थेंबाथेंबाने चढून राहिलं. वरून काळसर पिवळं पाणी बाटलीत. प्रीतमला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, सर, ब्लँक लावला का आधी?

ब्लँक म्हणजे कचरा न भरता नुसतं शुद्ध पाणी त्याच सगळ्या नळ्यांतून फिरवायचं आणि तेही तपासायचं. आता मला सांगा, ज्यात कचराच नाही त्यात कचऱ्याचं काय सापडणार? आठवडा फुकट जातो. पाणी ते पाणी. या असल्या कर्मकांडाने विज्ञान मागे राहिलं आहे. प्रीतमला म्हणालो, नंतर बघू.

घरी पारा चढलेला. हवेचाही आणि गीतांजलीचाही. ती ओली चादर खिडकीला बांधून झोपते.

९ मे

नागपूरहून रिपोर्ट आला. थॅलेट! थोडंथोडकं नाही, आलेखाचं टोक कागदाबाहेर जातं. एवढं प्रमाण मी वाचलेल्या कुठल्याच पेपरात नाही. आठ वर्षं लोक हसले. हसा आता!

मॅडमना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं नाही. पहिलाच प्रश्न, ब्लँक किती आला? म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. म्हणजे विचारांच्या प्रोसेसमध्ये. हे खोटं नाही. त्या म्हणाल्या, ब्लँक हातात येईपर्यंत कोणाला काही सांगू नका. मत्सर वयाने लहान माणसालाही होतो.

११ मे

राजकमल चौकात जीवन भेटला. कॉलेजचा मित्र, आता पेपरात आहे. चहा घेतला. मी फक्त ऑफ द रेकॉर्ड बोललो. नावाचं स्पेलिंग तेवढं नीट सांगितलं आणि एक फोटो पाठवला, लॅबकोटमधला.

१३ मे

छापून आलं! पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, पण पहिल्या पानावर. 'अकोल्याच्या डम्पिंगमधून झिरपतंय विष! अमरावतीच्या संशोधकाचा दावा'. मजकुरात त्याने आपल्या मनाने भर घातली, की त्या रस्त्यावरच्या भाज्या खाव्यात का, असा प्रश्न नागरिक विचारून राहिले. कोणते नागरिक? काही असो, फोटो चांगला आलाय. कात्रण स्टाफरूममध्ये मोठ्या टेबलावर ठेवून आलो, सहज राहिल्यासारखं.

मॅडमचे पाच मिस्ड कॉल. यश पचवायला वेळ लागतो माणसांना.

१४ मे

मामाजींचा फोन. मला वाटलं कौतुकाचा. ते म्हणाले, आज हर्राशीत आपल्या वांग्याले बोलीच नाही लागली. अडत्यानं टोपलं उघडून पाहिलं, वास घेतला आन् बाजूले सारलं. तीस वर्षांत पयल्यांदा. मंग विचारते, भगवंतभाऊ, पेपरातला तो तुमचाच जवाई ना?

खरं सांगतो. बातमी देताना मामाजींचं वावर त्याच रस्त्याला आहे, हे डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो, मामाजी, विज्ञान कडू असतं. ते म्हणाले, कडू चालते बावा, पण कारलं तरी विकू द्या. फोन ठेवला.

१७ मे

आजपासून अधिक महिना. धोंड्याचा महिना. जावयाचा मान. दर तीन वर्षांनी सासुरवाडीला बोलावणं, पाट, रांगोळी, पुरणाचे धोंडे, तुपाची धार. या वेळी घड्याळ द्यायचं ठरलं होतं, असं गीतांजलीच्या तोंडून मागे निसटलं होतं.

बोलावणं आलं नाही. गीतांजली एकटीच अकोल्याला गेली. जाताना म्हणाली, बाबा रोज सकाळी भाजी घेऊन बाजारात जाते आन् तशीच वापस आणते, गाई खाऊन राहिल्या पालक. तुमाले त्याचं काहीच नाही काय? मी म्हणालो, दुःख मलाही आहे, पण सत्य लपवता येत नाही. ती म्हणाली, सत्य आधी तपासून तर घ्या. सगळ्या जणी एकच बोलतात. मॅडमने पढवलं की काय?

२५ मे

मॅडमनी निक्षून सांगितलं, ब्लँकशिवाय प्रबंधावर सही नाही. ठीक. प्रीतमला म्हणालो, लाव बावा तुझा ब्लँक. तोच पंप, तोच पाइप, तीच सलाईन, नळीत फक्त धुतलेली वाळू. तोंडं बंद करायला बरं पडेल.

घरी कूलर नाही, बायको नाही. भात करपला. निष्कर्षाचं प्रकरण लिहायला घेतलं. 'प्रस्तुत संशोधकाने प्रथमच' इथपर्यंत आलो.

४ जून

ब्लँकचा रिपोर्ट आला.

कचऱ्याशिवायच्या पाण्यात थॅलेट कचऱ्याच्या पाण्यापेक्षा जास्त आहे.

पुन्हा वाचलं. जास्त आहे.

५ जून

कारणं शोधली. डिस्टिल्ड वॉटर भेसळीचं असणार. नागपूरचं मशीन बिघडलं असणार. प्रीतमचे हात.

मॅडम स्वतः लॅबमध्ये आल्या. हिरवा पाइप दोन बोटांत धरला, वाकवून बघितला. मऊ. सलाईनची नळी वाकवली. तीही मऊ. मग शांतपणे विचारलं, सर, प्लास्टिक मऊ कशाने राहतं? मी पहिल्या प्रकरणातलं वाक्य म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबलो. प्रीतम खिडकीबाहेर बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

कचरा आणला स्टीलच्या डब्यात. पाणी फिरवलं प्लास्टिकच्या पाइपातून. स्वतःलाच म्हणालो, अबे कुंदन! काय केलं बे हे तू? जगभर काचेच्या आणि स्टीलच्या नळ्या वापरतात, आन् तुले कूलर सुचला!

६ जून

रात्रभर विचार केला. एक बाजू कोणी बघितलीच नाही. पाइपातलं थॅलेट घेऊन पाणी कचऱ्यात शिरलं आणि बाहेर पडलं तेव्हा थॅलेट कमी झालं. म्हणजे थोडं कचऱ्याने शोषून घेतलं. म्हणजे कचऱ्याने पाणी शुद्ध केलं! प्रबंधाचं नाव फक्त बदलायचं: 'घनकचऱ्याद्वारे जलशुद्धीकरण'. मॅडमना मेसेज टाकला.

वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या आल्या.

८ जून

काल जीवनला गाठलं. म्हणालो, खुलासा छाप, त्या कचऱ्यातून थॅलेट झिरपतं हे सिद्ध झालेलं नाही, चूक उपकरणाची. तो म्हणाला, उपकरण कोणतं? म्हणालो, कूलर. तो इतका हसला की चहा सांडला. खुलासा आज आला, आतल्या पानावर, वधू-वर जाहिरातींच्या खाली. कोणीही वाचला नाही. मी स्वतः शोधला तेव्हा सापडला.

११ जून, अकोला

स्वतःच गेलो. चौदा पानांचं स्पष्टीकरण टाइप करून, आलेखांसह. भाजीबाजारात अडत्यांना गोळा केलं. थॅलेट म्हणजे काय इथून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर अर्धे गेले. एक जण म्हणाला, साहेब, म्हणजे इख आहे का नाही, एवढंच सांगा. म्हणालो, माझ्या प्रयोगातून विष आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. शास्त्र असंच बोलतं. तो म्हणाला, मंग राहू द्या.

स्पष्टीकरणाची प्रत माणिकबाई भाजीवालीने घेतली. मला बरं वाटलं. तिने त्यावर मिरच्यांचे वाटे मांडले.

मामाजी लांब उभे होते. टोपलीतली वांगी सुरकुतलेली. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माणसाने कधी कोणाच्या हाता-पाया पडून भाजी विकली नाही, आणि आज अडत्यापुढे टोपली सरकवताना मान खाली होती. मला तिथं उभं राहवलं नाही. लाज वाटली. लिहितो आहे म्हणून लिहितो, लय लाज वाटली.

१३ जून, अकोला

सासूबाईंनी मार्ग काढला. शकुनबाई एरवी बोलत नाहीत. जेवताना म्हणाल्या, अधिक सरून राहिला, जवायाचे धोंडे राहिलेच आहेत. ते घरी नोका करू. बाजारात करू.

मामाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मी म्हणालो, ही काही शास्त्रीय पद्धत नाही. गीतांजली म्हणाली, तुमची शास्त्रीय पद्धत पाहिली आमी.

१५ जून, अकोला

अधिकाचा शेवटचा दिवस. सकाळी हर्रास सुरू व्हायच्या आधी बाजाराच्या मधोमध पाट. भोवती रांगोळी. मला नवी टोपी, नवं उपरणं. गीतांजलीने ओवाळलं. तिच्या डोळ्यांत दया नव्हती.

ताटात सगळं त्या वावरातलं. वांग्याची तर्रीदार भाजी, पालकाची पातळ भाजी, सांबाराची चटणी, काकडी. बाजूला धोंडे, तूप. अडते, भाजीवाल्या, हमाल, गिऱ्हाइकं, सगळे गोल करून उभे. कोणी मोबाईल धरलेला.

मी जेवायला लागलो. थांबलो की सासूबाई वाढायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. हात आखडला की गर्दी कुजबुजायची. पुन्हा वांगं. पुन्हा पालक. पुन्हा धोंडा. घाम टोपीतून कानावर. मामाजी उभे, हात बांधून, माझ्या घशाकडे बघत.

शेवटी ढेकर आला. मोठा.

गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, अवो, धोंड्याच्या मयन्यात जवायाले इख कोण घालीन? पेपरवाल्याले का कयते! झालं. बोली सुरू झाली. मामाजींची वांगी पहिल्या हर्राशीत गेली, पालक भाव करून गेला, सांबार पुरला नाही. मामाजींनी पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

आठ वर्षांत मी काढलेल्या एवढ्या एकाच निष्कर्षावर कोणी शंका घेतली नाही.

१६ जून

पोट बिघडलं. कालच दुपारपासून. भाजीचा दोष नाही, धोंड्यांचा आहे. तूपही फार झालं. मी डॉक्टरकडे जातो म्हणालो तर मामाजी दारात आडवे. म्हणाले, अकोल्यातल्या दवाखान्यात गेले अन् कोणी पाह्यलं तर? बाजार बसला म्हणून समजा! कण्हायचंही नाही, शेजारी ऐकतात. तोंडात उपरण्याचा बोळा धरून पडलो. अंधार असतानाच गीतांजलीने मला अमरावतीच्या एसटीत बसवलं. मूर्तिजापूरला बस थांबवायला सांगितली. त्यापुढे लिहीत नाही.

१८ जून

अंथरुणातच. गीतांजली परत आली आहे. मीठ-साखरेचं पाणी देते, बोलत कमी आहे, पण देते.

मॅडमचा फोन. आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, तीस जूनपर्यंत नव्याने प्रयोग होणार नाही, आणि या आकड्यांवर मी सही करू शकत नाही. रजिस्ट्रेशन जाऊ द्या. नव्याने नाव नोंदवा, काचेच्या नळ्या मी मागवते. मी म्हणालो, हो मॅडम. पहिल्यांदाच पुढे काही जोडलं नाही. जुलैची जाहिरात म्हणजे आता दुसऱ्यांसाठी. उशी ओली झाली. घामच असावा.

जरा वेळाने मामाजींचा फोन. खुशीत. भाव पहिल्यापेक्षा वर गेलाय म्हणाले. बाजारात सगळे विचारतात, डॉक्टरसाहेब कधी येतात? मी म्हणालो, मामाजी, मी डॉक्टर झालो नाही, आणि आता होणारही नाही. ते म्हणाले, असू द्या ना बावा, बाजाराले कोण सांगते! मग म्हणाले, शेजारच्या वावरातले देवमनभाऊ आहेत ना, त्यांची भेंडी बाजारात अजून उठून नाही राहिली. त्याईचा जवाई मुंबईले असते. अधिक सरला तरी चालते, अशी त्याईची तयारी आहे. तब्येत बरी झाली की येता काय एकदा जेवायले?

भेंडी मला लहानपणापासून आवडत नाही. येतो म्हणालो.